साहेबाच्या मशीनचं कव्हर

६ मार्च

साहेब,

चौदा महिन्यांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस, माझा आवाज चढतो आणि मग आई मधे पडते. कागदावर मला कुणी अडवत नाही. शिवाय तुम्हा लोकांना सगळं लेखी लागतं.

तर घे लेखी. तुमच्या कारखान्याला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. तुला केव्हाच कळलं असेल. मला परवा इस्त्रीवाल्याने सांगितलं. तो कपडे गुंडाळायला वर्तमानपत्र घेतो, त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत चौकट होती. कचरा जाळून वीज तयार करण्याचा प्रकल्प, मंजुरीची तारीख दोन मार्च, हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावे. म्हणजे एक एप्रिलपर्यंत. लोकांना कळावं म्हणून छापलं होतं म्हणे. इस्त्रीवाल्याची नजर अजून शाबूत आहे म्हणून कळलं.

काल दुकान बंद ठेवलं, दोन गणवेश आणि एका पडद्याचं काम तसंच टाकलं आणि त्या कार्यालयात जाऊन मंजुरीची प्रत घेऊन आले. शेवटी जनसुनावणीतल्या सगळ्या आक्षेपांची यादी आहे आणि समोर उत्तरं. बहुतेकांच्या समोर "नोंद घेतली" एवढंच. माझा सतरावा. तुला वाचून दाखवते:

"आक्षेपक: महिला, शिलाई व्यवसाय. विषय: हवेची प्रत. उत्तर: मोजणी आक्षेपकाच्याच घराच्या गच्चीवर, आक्षेपकाच्याच देखरेखीखाली झाली असून धुळीचे प्रमाण मर्यादेच्या निम्म्याहून कमी आहे. आक्षेपकाचे समाधान झाले."

माझं समाधान झालं आणि मलाच पत्ता नाही!

त्या दिवशी सभागृहात काय झालं ते तुला दिसलं नसेल, कारण तू टेबलामागे मान खाली घालून बसला होतास. म्हणून सांगते. दोन दिवस आरशासमोर बोलून मी भाषण पाठ केलं होतं. म्हटलं, आमच्या वस्तीला लागून कचऱ्याचा डोंगर आहे, तो बारा महिने धुमसतो. सकाळी पांढरं कापड कापायला घेतलं तर संध्याकाळी ते पांढरं राहत नाही. माझी आई खोकते, शेजारची दोन्ही लेकरं खोकतात. त्याच डोंगराशेजारी आणखी जाळणार, मग आम्ही श्वास कुठला घ्यायचा? टाळ्या पडल्या. मग तुमचा तो सल्लागार उठला, गोड हसला आणि म्हणाला, "ताई, यंत्र तुमच्याच गच्चीवर होतं ना?" मी हो म्हटलं. "वहीत दर आठ तासांनी सही आहे, ती तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "मग आकडा आला एक्केचाळीस. मर्यादा शंभर आहे. मोजलंत तुम्ही आणि तक्रारही तुमचीच?"

सगळं सभागृह हसलं. आपल्या गल्लीतलेही हसले, बरं का. आणि ती वही त्याच्या हातात देणारा हात तुझा होता.

त्या संध्याकाळी मी तुझी बॅग भरून जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या उघड्या दारापाशी ठेवली. तू ती न घेताच गेलास, बढती घेऊन, त्या सल्लागाराच्या कंपनीच्या मोठ्या शाखेत. बॅग अजून तिथेच आहे. मी हलवली नाही आणि आईलाही हात लावू दिलेला नाही.

आता कामाचं. एक्केचाळीस कुठून आणलास? शाळेत तू पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून वरचं गणित जुळवायचास, तसंच केलंस का? मी वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "राग हा पुरावा होत नाही. आकडा खोटा असेल तर तो कसा खोटा, ते दाखवा." मी कुठून दाखवू? मी फक्त यंत्रातला धूळ टिपणारा कागद बदलत होते. तू सांग.

"तुझी" लिहिणार होते, पण राहू दे.
ताई

१२ मार्च

साहेब,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की आई दारात जाते, तेवढं बघवत नाही.

परवापासून तुझ्या त्या यंत्राच्या मागे लागले आहे. डोक्यात, म्हणजे. ते दहा दिवस मी पुन्हा पुन्हा आठवून बघते, तू कुठे लबाडी केली असशील ते. सापडत नाही, म्हणून जास्त चिडचिड होते.

तू दोन माणसं लावून ते गच्चीवर चढवलंस. मी विचारलं, आपल्याच घरी कशाला? तू म्हणालास, "वीज हवी, कुलूप हवं आणि दर आठ तासांनी कागद बदलणारं भरवशाचं माणूस हवं. हे तिन्ही मला एकाच घरी मिळतं." काय फुलले होते मी! धाकटा भाऊ नोकरीला लागला, पाच ठिकाणी यंत्रं बसवायचं काम मिळालं आणि त्यातलं एक माझ्या भरवशावर. वर तू बजावलंस, "ताई, याची किंमत ऐकलीस तर घाबरशील. पाणी, धूळ, काही लागू द्यायचं नाही."

मग मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. आपल्या घरात नवी वस्तू आली की आधी तिला कव्हर. शिलाई मशीनला आहे, फ्रिजला आहे, रेडिओ बिघडून सात वर्षं झाली, त्यालाही आहे. दुपारी मापं घेतली. चांगला घट्ट विणीचा मांजरपाट काढला, दुहेरी घेतला. वरच्या उतरत्या छपराला बेतून कळ्या लावल्या, खालून मोकळं ठेवलं, यंत्र तापू नये म्हणून. निळी किनार लावली आणि पुढच्या बाजूला रंगीत दोऱ्याने भरलं: साहेब. कागद बदलायचा, वहीत सही करायची, कव्हर नीट ओढून घ्यायचं. दहा दिवस एकदाही चुकले नाही.

संध्याकाळी तू दुसऱ्या ठिकाणांहून दमून आलास आणि ते बघितलंस. काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मग हसलास आणि म्हणालास, "झकास झालंय गं."

ते कव्हर अजून आहे. आई त्यात माझ्याकडच्या चिंध्या भरून ठेवते. तू आता मोठा अधिकारी, तुला त्याची आठवणही नसेल. मला मात्र त्या दहा दिवसांइतकं सुख पुन्हा मिळालं नाही, हे सांगायला नको होतं, पण लिहून गेले.

आईचा खोकला तसाच आहे. तू विचारणार नाहीस म्हणून सांगितलं.

ताई

२१ मार्च

तू फोन केलास. मला नाही, आईला, आणि तोही मी दुकानात असताना. तब्येत विचारलीस, ते ठीक. मग विचारलंस, "ते कव्हर अजून घरात आहे का? ताईला काही सांगू नकोस, जाळून टाक."

अरे, आईला "सांगू नकोस" म्हटलेली एक तरी गोष्ट आजवर तिच्या पोटात राहिली आहे का? मी घरात चप्पल काढायच्या आत तिने सांगितलं.

मी पत्रात कारखान्याबद्दल विचारलं, आकड्याबद्दल विचारलं, त्यावर तू गप्प. आणि चिंध्यांच्या कव्हरासाठी फोन! मी शिवणकाम करते, मूर्ख नाही. म्हणजे तेव्हा होते, हे आता कळलं.

खालच्या मजल्यावरचे मास्तर आठवतात? चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे कव्हर घेऊन गेले. त्यांनी घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम काढला, नळीच्या तोंडाला कव्हराचा कोपरा बांधला आणि मला म्हणाले, "तुझा कापड आखायचा खडू दे." खडू कुटला, भुकटी नळीसमोर उधळली. कापड पांढरंफेक झालं. आतली पिशवी उघडून दाखवली, तर खडूचा एक कण नाही.

"तुझं कव्हर हवा गाळत होतं," मास्तर म्हणाले. "यंत्राने हवा मोजली खरी, पण ती तू गाळून दिलेली. आधीच भरलेल्या बादलीत कुणाला तांब्याभर ओतू देत नाहीत. तुमची बादली निम्मी रिकामी आहे असं कागदावर आलं, म्हणून त्यांना ओतायची परवानगी मिळाली."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या दहा दिवसांत कव्हर तीनदा धुतलं गं, इस्त्रीने वाळवून लगेच परत दिलं. पाणी शाईसारखं काळं निघायचं. तुला दाखवायला बोलावलंसुद्धा, तर तू म्हणालीस, किनारीचा रंग जात असेल." म्हणाले होते मी. निळ्या किनारीतून काळा रंग जातो, असं मी, वीस वर्षं कापड हाताळणारी बाई, म्हणाले होते. आपल्या वस्तीची खरी मोजणी आईच्या बादलीत झाली आणि मोरीतून वाहून गेली.

मग मी मंजुरीसोबत मिळालेला मोजणीचा अहवाल उघडला. पान दोनशे बारा, यंत्राचा फोटो. यंत्र उघडं, ऐटीत उभं. मागे कठड्यावर कापडाची घडी, तिची निळी किनार दिसते. फोटोवर तारीख आहे, मोजणीच्या तिसऱ्या दिवसाची. आणि ती घडी तुझी आहे, चौपदरी, कडा बाहेर ठेवून. लहानपणी मीच शिकवलेली.

म्हणजे तू कव्हर काढलंस, फोटो घेतलास आणि परत घातलंस. तुला माहीत होतं.

मला तुझी लाज वाटते. तुझ्याहून जास्त माझी वाटते आणि त्याचा राग पुन्हा तुझ्यावरच येतो. चौदा महिने मी गल्लीत सांगत फिरले की त्यांनी आकडा खोटा केला. आकडा खोटा कुणी केला ते आता कुणाला कुठल्या तोंडाने सांगू?

२७ मार्च

साहेब,

तुझं पत्र पोचलं. एकदाचं! उत्तर देते, पण आधी तुझेच शब्द तुला ऐकवते, म्हणजे मी काही पदरचं घातलं असं म्हणायला नको.

"ताई, पहिल्याच संध्याकाळी मला दिसलं. तू कठड्यापाशी उभी होतीस, हातात सुई तशीच होती. मला बोलवेना. वाटलं, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी फोटोसाठी काढलं, तेव्हा तू वर आलीस आणि ओरडलीस, अरे, उन्हात उघडं कशाला ठेवलंस? मी परत घातलं. पाचव्या दिवशी पहिले आकडे आले. आमचे वरिष्ठ म्हणाले, छान जागा निवडलीस. त्यानंतर सांगायचं म्हणजे सगळी मोजणी पुन्हा करायची आणि माझ्या नोकरीला तीन महिने झाले होते. सुनावणीत तो तुला असं विचारेल, हे खरंच माहीत नव्हतं. कारखाना आला तर तो डोंगर तरी जाईल, असंही वाटलं. चूक माझी आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. कव्हर जाळून टाक आणि विषय संपव."

चूक माझी आहे, आणि कव्हर जाळून टाक. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

मला वाईट वाटेल म्हणून तू सांगितलं नाहीस. मग वाटू द्यायचं होतं! मी दोन तास रडले असते, तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि कव्हराची पिशवी शिवली असती. मी रोज लोकांच्या शिवणी उसवते. बाही चुकली, उसव. कंबर चुकली, उसव. त्याने कुणी मरत नाही. न उसवता तसंच अंगावर चढवलं की मग माणूस चारचौघांत फजीत होतो, आणि ती फजिती तू माझ्या वाट्याला दिलीस. माझ्या मायेआड लपून नोकरी वाचवलीस, असं मी म्हणते. तुला दुसरं काही म्हणायचं असेल तर म्हण.

डोंगर जाईल म्हणतोस. जाईलही. मी काही देवाकडून चिठ्ठी आणलेली नाही. पण ते खरी हवा मोजून ठरवायचं होतं ना? त्यासाठीच तर ते यंत्र होतं.

वकीलबाईंनी दोन मसुदे केले आहेत. पहिल्यात एवढंच की मी अजाणतेपणी यंत्र झाकलं, भावाला काही कल्पना नव्हती. दुसऱ्यात सगळं: फोटो, घडी, तुझं पत्र. मी विचारलं, पहिल्याने भागेल का? त्या म्हणाल्या, "पहिला वाचून समोरचे म्हणतील, बाई सुनावणीत हरली, आता गोष्ट रचून आणली. कव्हर पूर्ण वेळ होतं, हे आतल्या माणसाने सांगितलं तरच टिकेल." म्हणजे पहिल्या मसुद्यात भाऊ राहतो आणि अपील जातं. दुसऱ्यात नोकरी जाते तुझी, नाव जातं माझं, आणि अपील कदाचित राहतं. कदाचित हं. बाई खोटा दिलासा देत नाहीत.

आई काल माझ्यासमोर हात जोडून बसली. आईने लेकीला हात जोडायचे म्हणजे काय, ते तुला दिसलं नाही, तुझं बरं आहे. म्हणाली, "झाकलंस तू, मग शिक्षा त्याला का? त्याला सोड." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं, खोकल्यासाठी. मी पाणी दिलं.

तुला एक तिसरी वाट देते. तू स्वतः ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मग तुझ्याविरुद्ध मला एक अक्षरही लिहावं लागणार नाही. एक तारखेला दुपारी बारापर्यंत मी वकीलबाईंच्या कार्यालयात बसेन. तू लहान असताना बाहेरून उशिरा आलास की मी आईला थोपवून धरायची, तसं मी बारापर्यंत सगळ्यांना थोपवते.

ताई

१ एप्रिल

तू आला नाहीस.

मी सकाळी दहालाच जाऊन बसले. दाराकडे तोंड करून बसले, उगाच. साडेअकराला एक माणूस जिना चढून आला, चाल थेट तुझी. पाण्याची बाटली पोचवणारा निघाला. बारा वाजले, सव्वाबारा झाले. वकीलबाईंनी दोन्ही मसुदे माझ्यासमोर ठेवले आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मी दुसऱ्यावर सही केली.

पहिल्या परिच्छेदात माझं नाव आहे, दुसऱ्यात तुझं. हा क्रम मी मागून घेतला. त्यात लिहिलं आहे की कव्हर मी शिवलं, मी घातलं, दर आठ तासांनी मीच ओढून घेतलं आणि त्यामुळे माझ्या वस्तीची हवा कागदावर स्वच्छ झाली. त्यात लिहिलं आहे की माझ्या भावाने ते पहिल्या दिवशी पाहिलं आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. वाचताना शब्द सोपे वाटले. सही मात्र वहीतल्या माझ्या सह्यांशी जुळावी म्हणून एकेक अक्षर सावकाश काढत केली.

मग अपील दाखल करायला गेलो. पुरावा म्हणून कव्हर द्यायचं होतं. खिडकीतल्या कारकुनाने ते उलगडलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे साहेब कोण?"

"माझा धाकटा भाऊ," मी म्हटलं.

"तो कुठल्या बाजूचा?"

मी कव्हराची किनार सरळ करू लागले. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून बोलावणार आहोत, पुढे लिहा." त्याने पावती लिहिली: कापडी कव्हर, नग एक, निळी किनार, धुतलेले. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. तुम्हा लोकांना सगळं लेखी लागतं.

येताना इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी थांबले आणि आपण होऊन सगळं सांगितलं. आज ना उद्या कळणारच, मग माझ्या तोंडून कळू दे. तो गरम इस्त्री हातात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "म्हणजे सभागृहात आम्ही हसलो ते बरोबरच होतं की, ताई." त्याला चिडवायचं नव्हतं, तो तसाच आहे. उद्यापर्यंत गल्लीभर होईल. माझ्या दुकानाला आता काय नाव पडतं, ते बघू.

आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. जेवण वाढते, ताट थोडं जोरात ठेवते.

सुनावणी पंधरा मेला आहे. तुला बोलावणं येईल. तू येशील की तुमचे वकील तुला आजारी पाडतील, ते मला माहीत नाही. आलास तर समोरच्या बाजूला बसलास तरी चालेल. काय सांगशील तेही तुझ्यावर. फक्त या वेळी मान वर ठेव, मला तुझं तोंड बघायचं आहे.

आईने आज तुझ्या खोलीची किल्ली मागितली. आवरायची आहे म्हणाली. मी दिली. तुझी बॅग मात्र जिन्याच्या माथ्यावरच राहील. तिला कव्हर नव्हतं, चौदा महिने उघडीच होती, ती मूळची तपकिरी होती हे आता सांगावं लागतं. मास्तर काल वर जाऊन भिंगातून बघून आले, डोंगराच्या धुराचीच काजळी आहे म्हणाले. ती मी उचलणार नाही, आईला उचलू देणार नाही. येशील तेव्हा तूच उचलून आत आण. हात काळे होतील, पण साबण घरात आहे.

तुझी
ताई